शेपूट बघून पास

माझा नवरा सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होता. आजूबाजूच्या छोट्या वर्कशॉपमधून बनून येणारे सुटे भाग गेटमधून आत आले की आधी त्याच्या टेबलावर जायचे. सगळा माल सारखाच तपासायचा नसतो, हे मला लग्नानंतर लगेच कळलं, कारण घरात तो दुसरं काही बोलायचाच नाही. ज्या वर्कशॉपचा माल सारखा परत जातो, त्याला लाल टॅग. त्याचा एकेक नग मापून बघायचा. मधल्यांना पिवळा, पेटीतले थोडे नग काढून बघायचे. आणि ज्याचा माल वर्षानुवर्षं चोख आलाय, ज्याच्या शेडमध्ये कंपनीचा माणूस जाऊन यंत्रं बघून आलाय, त्याला हिरवा. हिरव्या टॅगची पेटी न उघडता थेट लाइनवर जायची.

पद्धत चांगलीच होती. सगळंच तपासत बसलं तर कारखाना चालणार कसा? पण त्याने ती घरीही आणली. भाजीवाल्या, रिक्षावाले, नातेवाईक, सगळ्यांना टॅग. माझ्या माहेरच्यांना कोणता लावला होता ते मी कधी विचारलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कारखान्यातल्या शिफ्ट कमी झाल्या, मग माणसं. नवऱ्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली. घराच्या पुढच्या खोलीला शटर बसवलं, मुंबईहून जुने कॉम्प्युटर आणले आणि सायबर कॅफे टाकला. मशीनची देखभाल तो करायचा, काउंटर माझ्याकडे. सकाळी कॉलेजची मुलं निकाल बघायला, दुपारी दिंडोरीकडचे द्राक्षवाले हवामान बघायला, संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर कामगार. पार्टिशनच्या आड कोण काय बघतंय हे मला त्यांच्या पाठीच्या ताठपणावरून कळायचं. मी नुसती खुर्ची सरकवल्याचा आवाज केला की तिकडे घाईघाईने बटणं दाबली जायची.

पहिल्या वर्षी मशीन सारखी आजारी पडायची. कुणी फुकट गाणी उतरवायला जायचं, कुणी देवादिकांची चित्रं, आणि एका खिडकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा खिडक्या उघडत राहायच्या. मशीन बंद करून पुन्हा सगळं नव्याने भरावं लागायचं. कारखान्यातला माणूस असल्याने नवऱ्याने लगेच हुडकायला सुरुवात केली की खराब माल येतो कुठून. बिघडलेल्या प्रत्येक मशीनवर शेवटी कुठलं पान उघडलं होतं ते तो बघायचा. पत्त्याच्या टोकाला टिंबानंतर जे येतं त्याला तो शेपूट म्हणायचा.

शेपटांचे त्याने टॅग पाडले. डॉट इन्फो, डॉट बिझ लाल. समुद्रातल्या कुठल्याशा बेटांची शेपटं फुकटात मिळायची, तीही लाल. डॉट कॉम पिवळा. त्याच्या मते ती नाशिकच्या शालिमार चौकातली गर्दी होती, साव आणि खिसेकापू एकाच रांगेत. सरकारी शेपूट हिरवं, परदेशी कॉलेजांचं हिरवं. आणि डॉट ऑर्ग हिरवं.

“ऑर्ग म्हणजे संस्था,” तो गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा. कॉम्प्युटर क्लासमध्ये तसंच शिकवलं होतं.

आमच्याकडे या शब्दाला वजन आहे. मूल शाळेत घातलं म्हटलं तर पहिला प्रश्न ‘कुठल्या संस्थेत?’ हाच. संस्था म्हटलं की मागे नोंदणी आली, विश्वस्त आले, धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आलं, वार्षिक सभा आली आणि सभेत खुर्च्या आपटणारे सभासदही आले. म्हणजे कुणीतरी आत जाऊन बघितलेलं असतं. नवऱ्याच्या डोक्यात ते पक्कं होतं, आणि गिऱ्हाइकांच्याही.

लाल शेपटं त्याने मशीनवर उघडायचीच बंद केली. आणि खरं सांगायचं तर उपयोग झाला. रस्त्यापलीकडच्या कॅफेत दर आठवड्याला मशीन झोपायची, आमची चालायची. “वहिनी, तुमच्याकडं मशीन लटकत नाय,” असं म्हणत लोक लांबून यायचे.

माझी नणंद त्या सुमारास आमच्याकडे राहायला आली. ती नर्स होती. सासर इगतपुरीला, नवरा रेल्वेत. ती रोज गाडीने नाशिकला येऊन एका खासगी हॉस्पिटलमध्ये ड्यूटी करायची. दाजी प्यायचे. मूल नव्हतं आणि त्याचा दोष त्यांनी आधीच ठरवून टाकला होता. एका सकाळी ती ड्यूटीवर न जाता थेट आमच्या दारात आली, मनगट सुजून टम्म झालेलं. हॉस्पिटलमध्ये पायरीवरून पडले म्हणून सांगितलं. प्लास्टर घातल्यावर मला म्हणाली, “वहिनी, आता पायऱ्या संपल्या.”

ती परत गेली नाही. दाजींचे काका मध्यस्थीला यायचे, पाय पसरून बसायचे, चहा प्यायचे.

“पोरी, संसारात भांड्याला भांडं लागतंच.”

“भांड्याला लागू दे की काका,” ती म्हणाली. “हाताला कशाला लागतंय?”

काका माझ्याकडे बघायचे, जणू हे मी शिकवलं. मी कप उचलून घ्यायची.

पण भावाच्या घरी बाईला किती काळ राहता येतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी तिला कधी जा म्हटलं नाही. तरी मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं, त्यात ती रात्रपाळी करून दिवसा झोपणार. पगारात तिची वेगळी खोली होत नव्हती, आणि एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयारही नव्हतं. तिच्यापुढे एकच वाट होती. तिच्या हॉस्पिटलमधल्या नर्सेस आखातात जात होत्या. राहायला जागा देतात, पगार चांगला. वयाची अट होती आणि ती त्या अटीच्या काठावर आली होती. पासपोर्ट होता, पूर्वी दाजींनीच हौसेने काढून दिला होता, बायको परदेशातून पैसे पाठवील या हिशोबाने. त्यावर पत्ता इगतपुरीचा. घर सोडताना तिने दोनच वस्तू आठवणीने घेतल्या होत्या, पासपोर्ट आणि नर्सिंगची सर्टिफिकिटं.

वर्तमानपत्रातली जाहिरात बघून ती मुंबईला मुलाखतीला गेली आणि निवडली गेली. संध्याकाळी परतली ती चप्पल न काढताच काउंटरपाशी आली आणि हातातलं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. एजन्सीचं नाव, फोन आणि वेबसाइट. “फॉर्म तिथे भरायचा. लवकर भरा म्हणालेत. फॉर्म आला की तेच फोन करतील.”

नवऱ्याने कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला आणि मान हलवली. पत्ता डॉट इन्फोचा होता.

“हा लाल आहे.”

“दादा, ती माणसं बघून आलेय मी. ऑफिस आहे, लिफ्ट आहे, बाहेर पन्नास पोरी बसल्या होत्या.”

“लिफ्ट बिल्डिंगची असते गं. चांगली एजन्सी असलं शेपूट घेईल कशाला? एवढी मोठी म्हणतेस आणि पत्ता झोपडपट्टीतला?”

“मग तुझ्या कायद्यात आखातच बसत नसेल.”

“थांब की. बघतो.”

त्याने एजन्सीचं नाव टाकून शोधलं. तेच नाव, पण शेवटी डॉट ऑर्ग, असं एक पान निघालं. पांढऱ्याशुभ्र कपड्यातल्या नर्सेस, मागे उंच हॉस्पिटल, वर दोन देशांचे झेंडे. तो खुर्चीत मागे टेकला. “हे बघ. ही मूळ संस्था. कार्ड छापणाऱ्याने चूक केली असेल.”

नणंदेने एजन्सीला फोन लावला. तिकडून मुलीचा आवाज मलाही ऐकू येत होता. “मॅडम, सगळं वेबसाइटवर दिलंय, वेबसाइट बघा.” कुठली, हे तिने सांगितलं नाही आणि नणंदेनेही विचारलं नाही. वेबसाइट म्हणजे काय एकच असणार.

फॉर्म भरला. उत्तरही लगेच आलं, अभिनंदन वगैरे. व्हिसाचा शिक्का मारण्यासाठी मूळ पासपोर्ट आणि मूळ सर्टिफिकिटं कुरिअरने पाठवा. पत्ता दिल्लीचा.

मी म्हटलं, “मुलाखत मुंबईला आणि पासपोर्ट दिल्लीला?”

“एम्बसी दिल्लीला असते,” नवरा म्हणाला. एम्बसी खरंच दिल्लीला असते. पाकीट त्याने स्वतः बांधलं. कारखान्यातून माल जायचा तसं, आत पुठ्ठा, बाहेर प्लास्टिक, कडांना टेप. फीदेखील भरली. पैशांचं मी पुढे काही सांगणार नाही. ते गेले, पण गेलेल्यात ते सगळ्यात हलके होते.

मग वाट बघणं. पहिले काही आठवडे मेलला उत्तर यायचं, ‘प्रोसेस चालू आहे’. नणंद ड्यूटीवरून आली की आधी काउंटरवर. मी मान हलवायची. एका दुपारी मी ते पान उघडायला गेले तर पान नव्हतं. पुन्हा उघडलं, मशीन बदलून उघडलं, नाहीच. मी नवऱ्याला हाक मारली. त्याने सगळ्या तारा तपासल्या. आमच्या तारांत काही बिघाड नव्हता.

नणंदेने कार्डावरच्या नंबरला फोन केला. या वेळी नीट विचारलं, नाव सांगितलं, मुलाखतीचा दिवस सांगितला. पलीकडची मुलगी कागद चाळत असावी.

“मॅडम, तुमचं सिलेक्शन होतं. पण तुमचा फॉर्मच आला नाही. आम्ही वाट बघितली. ती बॅच आता गेली.”

“आणि पासपोर्ट?”

“पासपोर्ट आम्ही मागतच नाही मॅडम. तो हातात ठेवून तुम्हीच यायचं असतं.”

तिने फोन ठेवला आणि आत जाऊन भांडी घासायला बसली. ती सकाळीच घासलेली होती.

संध्याकाळी मी नवऱ्याला न विचारता एका मशीनवरचं बंधन काढलं आणि कार्डावरचा डॉट इन्फो पत्ता उघडला. साधंच पान होतं. निळ्या अक्षरांत पत्ता, ऑफिसच्या दाराचा एक तिरका फोटो, इंग्रजीच्या चुका, खाली फॉर्म. स्वस्तात मिळालं म्हणून कुणीतरी घेतलेलं शेपूट. मशीनला काहीही झालं नाही. नवरा मागे येऊन उभा होता. त्याने पूर्ण पान खालपर्यंत वाचलं आणि बाहेर निघून गेला.

पोलिसांत गेलो. समोरचे हवालदार सज्जन होते, पण त्यांचीही अडचण होती.

“फसवणारा कुठल्या गावचा?”

“वेबसाइट होती,” नवरा म्हणाला.

“बरोबर. पण ती वेबसाइट कुठल्या हद्दीत येते?”

नवऱ्याने शेपूट सांगितलं. हवालदारांनी ते दोनदा म्हणून बघितलं. “हे आपल्या जिल्ह्यात नाही,” ते म्हणाले. शेवटी ‘पासपोर्ट गहाळ’ एवढीच नोंद झाली. सर्टिफिकिटांच्या नकला नर्सिंग कौन्सिलकडून मिळणार होत्या, धावपळ करून. नव्या पासपोर्टसाठी राहण्याचा पुरावा हवा, आणि तिचा प्रत्येक पुरावा इगतपुरीचा. रेशनकार्डावरचं नाव तिथं, मतदार यादीत नाव तिथं. आमच्या घरी ती राहत होती याला कागद नव्हता. अर्जात जुनाच पत्ता गेला. पोलीस चौकशी त्याच पत्त्यावर होणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. एजन्सीची पुढची बॅच भरत होती, वयाच्या अटीला थोडेच महिने उरले होते. दुसरी वाट नव्हती.

त्या वाट बघण्याच्या दिवसांत दिंडोरीकडचा एक रोपवाटिकावाला आला. त्याला आपल्या द्राक्षाच्या रोपांची वेबसाइट हवी होती. नाव मिळवून देण्याचं काम मी शिकले होते, पण तोवर फक्त डॉट कॉम घेतले होते. त्या दिवशी विक्रीच्या पानावर नीट बघितलं. सगळी शेपटं ओळीने मांडलेली होती, भाजीच्या पाटीवर दर लावावेत तशी. इन्फो सगळ्यात स्वस्त. कॉम मधलं. ऑर्ग त्याच्या शेजारीच. मी ऑर्गवर टिचकी मारून पुढे पुढे गेले, बघू तरी कुठे अडवतात. नोंदणी क्रमांक विचारतील, विश्वस्तांची नावं विचारतील. काही विचारलं नाही. नाव, पत्ता, कार्ड नंबर. आणि नाव-पत्ताही मी टाकीन तोच.

रोपवाटिकावाला शेजारी बसून बघत होता. “हे सातबारा न बघताच प्लॉट देतात जणू,” तो म्हणाला.

स्वस्त आणि फुकट शेपटांकडे भामटे जास्त जाणार, हे नवऱ्याचं निरीक्षण खरं होतं. जिथं प्लॉट फुकट आणि चौकशी नाही तिथं गर्दी होणारच. पण महागडं शेपूटही चौकशी करून मिळत नव्हतं, फक्त थोडे जास्त पैसे देऊन मिळत होतं. सरकारी शेपूट तेवढं कुणालाही मिळत नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला मी ते नवऱ्याला सांगितलं. लपवून ठेवण्यात मला अर्थ दिसला नाही. दुकान चालवायचं तर माहीत असायला हवं. नणंद ताटावर होती.

“ऑर्ग कुणालाही मिळतं. संस्था असावी लागत नाही.”

“असं कसं? कुणी तपासत असेल ना.”

“नाही.”

“शेडमध्ये जाऊन कोणीच बघत नाही?”

“अहो, शेडच नाही.”

तो बराच वेळ भाकरीचा तुकडा आमटीत धरून बसला. नणंदेने त्याच्या वाटीत आमटी वाढली आणि म्हणाली, “दादा, जेव. तुझा माल नव्हता तो.” ती हे दयेने म्हणाली की टोचून, मला आजही सांगता येणार नाही.

चौकशी इगतपुरीला गेली आणि अपेक्षेप्रमाणे झालं. हवालदार दारात उभे राहिल्यावर दाजींना बायको परदेशी निघाल्याचं कळलं. ‘इथे राहत नाही’ असा शेरा गेला तर पासपोर्ट अडकणार होता, आणि तो शेरा देणं न देणं दाजींच्या जिभेवर होतं. दोन दिवसांत ते आमच्याकडे आले, काका सोबत. प्यायलेले नव्हते. हे जास्त वाईट होतं.

“मी काय सांगितलं पोलिसाला?” ते खुर्चीवर बसत म्हणाले. “सांगितलं, माहेरी गेलीय, दोन-तीन दिवसांत येणार हाय. उद्या परत येणार हाय तो. घरात दिसली तर सही होईल. नाय दिसली तर नाय. माझं काय जातंय?”

“ही धमकी झाली दाजी,” नवरा म्हणाला.

“तुम्ही बोलू नका. तुम्ही लय तपासणारे. बायको घरात ठेवून घेतली माझी, आन् तिचा पासपोर्ट पोस्टाने वाटून टाकला.”

मी म्हटलं, “दाजी, तिच्या मनगटाचं काय?”

“वहिनी, ते जुनं झालं.”

काका म्हणाले, “पासपोर्टसाठी का होईना, घरी चल पोरी. मग काय ते ठरवू.”

नणंदेने सगळ्यांकडे एकदा बघितलं. तिचा हिशेब मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होता: सहीपुरतं जायचं, पासपोर्ट हातात येईपर्यंत राहायचं, मग निघायचं. बॅच, वय, पोस्ट, सगळं त्यात बसत होतं. ती आत गेली. मी तिच्या मागे गेले.

“जाऊ नकोस. पुढच्या वर्षी दुसरा काहीतरी मार्ग निघेल.”

“पुढच्या वर्षी मी बाद,” ती साड्या पिशवीत भरत म्हणाली. “आणि वहिनी, तू इथला कागद देऊ शकतेस का मला? मी इथे राहते असा?”

घर नवऱ्याच्या नावावर होतं, पण तिचं नाव लावून कागद होईस्तोवर चौकशीची मुदत गेली असती. मी नाही म्हटलं, कारण तसा कागद नव्हताच. ती दाजींच्या मागून, काकांच्या पुढून चालत गेली. नवरा शटरपाशी उभा होता. ती त्याच्याजवळून गेली तेव्हा थांबली नाही.

त्यानंतर नवऱ्याने मशीनवरची सगळी बंधनं काढून टाकली. लाल, पिवळं, हिरवं काहीच नाही. मशीन पुन्हा झोपायला लागली. गिऱ्हाइकं पलीकडे गेली. मी त्याला म्हटलं, निदान बेटांची तरी बंद ठेवा, त्यात तुम्ही बरोबर होता. तो म्हणाला, “तूच बघ.” मग मीच बघत गेले. टॅग लावले नाहीत. गिऱ्हाईक पैसे भरायला किंवा कागद पाठवायला लागलं की शेपूट काहीही असो, मी उठून मागे जाऊन उभी राहायची आणि विचारायची, समोरच्याशी फोनवर बोललात का, हाच पत्ता म्हणाला का. लोकांना ते आवडायचं नाही. “ताई, तुम्ही पोलीस हाय का?” असंही कुणी म्हणायचं. घरोघरी इंटरनेट आलं तसा कॅफे बंद केला. तिथे आता झेरॉक्सचं मशीन आहे.

ती परत गेली त्याच वर्षीच्या भाऊबीजेला आम्ही इगतपुरीला गेलो. नवरा जायला तयार नव्हता, मी नेलं. नणंदेने पाट मांडला, ओवाळलं, भावाच्या हातावर लाडू ठेवला. कपाळाला कुंकू लावताना तिचं मनगट पूर्ण वळत नव्हतं. नवऱ्याने ओवाळणी तबकात टाकली आणि पाटावरून उठला तो थेट बाहेर पाऊस बघायला म्हणून. बाहेर ऊन होतं.

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. पुढच्या खोलीत दाजींचा टीव्ही लागला होता.

“पासपोर्टचं काय झालं?” मी हळूच विचारलं.

“आला की.” ती चहा गाळत होती. “पोस्टमनने ह्यांच्या हातात दिला. सही ह्यांनीच केली.”

“मग?”

“ह्यांच्या पेटीत आहे. रेल्वेची लोखंडी पेटी, बघितलीस ना, खाटेखाली.”

“आणि किल्ली?”

तिने मला कप दिला, दुसरा ओतला, तिसरा ओतला.

“पासपोर्ट दहा वर्षं चालतो म्हणे,” ती म्हणाली, आणि गाळणी कडेवर आपटून चोथा मोरीत टाकला.